लेपर्ड गेकोच्या पायाखालची माती

लेपर्ड गेको ही पाल पाळायला घेतली की पहिला सल्ला ठरलेला असतो: टाकीत वाळू घालू नका, ती पोटात गेली की आतडं तुंबतं आणि पाल मरते. ही भीती निराधार नाही. वाळूने गच्च भरलेलं आतडं एक्स-रेत स्पष्ट दिसतं. पण तेवढ्यावरून सुटी माती सरसकट बाद ठरवणं मला पटत नाही. चार कण प्रत्येक पालीच्या पोटात जातातच, कारण ती भक्ष्यावर जिभेसकट तोंड मारते. धडधाकट पालीच्या विष्ठेतून ते बाहेरही पडतात. ते अडकतात ते टाकी थंड असली, अंगात पाणी कमी असलं किंवा कॅल्शियमची कमतरता असली तर. कॅल्शियम कमी पडलेली पाल तर मुद्दाम माती चाटते, आणि आतड्याच्या स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियमच लागत असल्यामुळे खाल्लेली माती पुढे सरकतही नाही. अशा वेळी दोष वाळूला दिला जातो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. तिचीच एक जवळची भाऊबंद जात महाराष्ट्र आणि गुजरातमध्येही सापडते. वाळूच्या टेकड्यांवर ती राहत नाही. तिचा वावर असतो मुरमाड, घट्ट बसलेल्या जमिनीवर आणि दगडांच्या कपारींत. भिंतीवरच्या पालीसारखे चिकटणारे तळवे तिला नाहीत. तिची बारीक नखं उकरायला आणि दगडावर चढायला उपयोगी पडतात. म्हणून टाकीतही हवी ती दाबून कडक केलेली माती.

खत, शेणखत, परलाइट किंवा कीटकनाशक नसलेली साधी माती चाळून घ्यावी. तिचे साधारण सात भाग आणि धुतलेल्या बारीक, गोलसर कणांच्या वाळूचे तीन भाग एकत्र करावेत. नर्सरीतल्या तयार मातीत बहुधा खत मिसळलेलं असतं, तेव्हा विचारूनच घ्यावी. बांधकामाची क्रश सँड वापरू नये, तिचे कण धारदार असतात. मिश्रण इतकंच ओलं करावं की मूठ दाबल्यावर लाडवासारखा गोळा वळेल, पण पाणी ठिबकणार नाही. सात ते दहा सेंटीमीटरचा थर हाताने चेपून बसवावा, पूर्ण सुकू द्यावा आणि मगच पाल सोडावी. बोटाने घासल्यावर वरचा थर भुरभुर सुटत असेल, तर मातीचं प्रमाण वाढवून पुन्हा चेपावं. एवढ्या जाड थराखाली हीट मॅट ठेवली, तर उष्णता वर पोचत नाही आणि काच मात्र तापते. म्हणून उष्णता वरून द्यावी, थर्मोस्टॅट लावावा आणि ऊबेच्या जागी जमिनीचं तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सियस ठेवावं. पचन या उबेवरच चालतं.

बाजारात ‘पचणारी’ म्हणून विकली जाणारी कॅल्शियमची वाळू मात्र घेऊच नये. कॅल्शियमच्या ओढीने पाल ती आणखी खाते आणि ओल लागली की तिचे गठ्ठे होतात. अक्रोडाच्या टरफलांचा भुगाही टोकदार असतो. कोरडं कोकोपीट धुळीने डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देतं. कात टाकण्यासाठीच्या ओलसर कोनाड्यात, दमट ठेवलेलं असेल तर ते चालतं.

मग टिश्यू पेपरच का नको, असा प्रश्न उरतो. पिल्लं, आजारी किंवा नव्याने आणलेली पाल यांच्यासाठी मी तोच सुचवीन, कारण त्यावर विष्ठा नीट दिसते आणि खाणं-पिणं तपासता येतं. पण निरोगी मोठ्या पालीला जन्मभर कागदावर ठेवलं, तर उकरण्याची तिची उपजत सवय मारली जाते. सुरक्षिततेसाठी तेवढी किंमत देण्याची गरज नाही. किडे बशीत किंवा चिमट्याने द्यावेत, कॅल्शियमची भुकटी नियमित लावावी आणि विष्ठा पडलेली माती लगेच काढावी.

इतकं करूनही पोट फुगलं, कित्येक दिवस विष्ठा झाली नाही, खाणं सुटलं किंवा पाल मागचे पाय ओढू लागली, तर तेल पाजण्यासारखे घरगुती उपाय करत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक गाठा, आणि टाकीतलं तापमान लिहून सोबत न्या.