फोटो काढू का हो?

"अहो, जरा इकडे बघा!" संध्याकाळचा कार्यक्रम कुठलाही असो, हे वाक्य माझ्या तोंडी असतंच. हळदीकुंकू, भोंडला, कोजागरी... आमच्या डोंबिवलीच्या महिला मंडळाची फोटोग्राफर मीच. पगार शून्य, हौस अमाप!

हौस जुनीच. १९९९ साली श्रीगणेश मंदिर संस्थानने डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. त्यानंतरच्या एका पाडव्याला, आदल्या संध्याकाळी रस्त्यावर रांगोळ्या घालणाऱ्या बायकांचे फोटो काढायला मी बाबांचा कॅमेरा घेऊन गेले होते. छत्तीस फोटोंचा रोल, त्यामुळे प्रत्येक फोटो जपून. धुवून आले तर काय, जवळच्या बायकांच्या पाठी पांढऱ्याफटक आणि मागे नुसता काळोख! फ्लॅशचा उजेड दहा-बारा फुटांपलीकडे पोचत नाही, हे तेव्हा कळलं.

आता मोबाइलवर शंभर फोटो काढले तरी खर्च नाही. पण मध्यंतरी मंडळाचे जुने अल्बम चाळले आणि चपापलेच. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण. सतरंज्या घालणाऱ्या, वाणाच्या पिशव्या भरणाऱ्या, मसाला दूध आटवणाऱ्या आमच्या बायका कुठेच नाहीत! तेव्हापासून मी स्टेजकडे पाठ करून उभी राहू लागले. फ्लॅश बंद ठेवायचा, ट्यूबलाइट जिचा चेहरा उजळते तिला टिपायचं. फुगडीचे फोटो हलतात, हलू देत. फुगडी आहे ती!

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र फोटो नीट आला आणि मी चुकले.

आमच्या इमारतीतल्या एक वहिनी दोन वर्षांपूर्वी मिस्टर गेल्यापासून अशा कार्यक्रमांना येत नसत. आम्ही हट्टाने बोलावलं. एकीने पुढे होऊन त्यांना कुंकू लावलं, आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी टिपलं. घरी येईपर्यंतही दम निघाला नाही, रिक्षातच फोटो ग्रुपवर टाकला. चाळीस अंगठे, फुलं, बदाम! मी खूश.

तिसऱ्या दिवशी तो गावी पोचला. कुणी कुणाला पाठवला, देव जाणे. सासरच्या नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "एवढ्यात विसरलीस का त्याला?"

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवरच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी मंडळात त्यावर तावातावाने बोलले होते. आता तेच भाषण घेऊन वहिनींकडे गेले. त्यांनी शांतपणे चहा ठेवला. म्हणाल्या, "ताई, कुंकू लावून घेतलं ते माझ्या मर्जीने. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण फोटो कुणी बघायचा हे तुम्ही ठरवलंत. मला आधी दाखवला असतात तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या बाईला आपण तिचा हक्क मिळवून देतोय म्हणून मिरवत होतो, तिला साधं विचारलंही नव्हतं! ग्रुपवरचा फोटो मी पुसला, पण गावातल्या मोबाइलमधला थोडाच पुसता येतो? गावचे फोन अजून पूर्ण थांबलेले नाहीत. वहिनींनी मात्र एक प्रिंट मागून घेतली. ती त्यांच्या कपाटात आहे, कुणाला दाखवायची ते त्या ठरवतात.

आता कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच मी माइकवर सांगते, "ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांनी मला खुणेने सांगा." आणि एकटीचा फोटो असेल तर तो आधी तिलाच दाखवते. ती हो म्हणाली तरच पुढे. वेळ जातो, काही सुंदर फोटो कुणालाच दिसत नाहीत. जाऊ देत.

मैत्रिणींनो, येत्या कार्यक्रमात तुम्हीही मोबाइल काढालच. मागच्या ओळीतल्या, स्वयंपाकघरातल्या बायकांचे फोटो जरूर काढा. फक्त ग्रुपवर टाकण्याआधी एवढं विचारा, "टाकू का हो?"