पोटाचे पाणी आणि वापराचे पाणी

२०२४च्या दिवाळीत माहेरी सगळ्यांचा फोटो काढायचा ठरला. पणत्या लावून झाल्या, मुले नवे कपडे घालून ओट्यावर ओळीने बसली आणि माझा भाचा कॅमेरा सावरीत "हसा!" म्हणून ओरडला. सगळे हसले. हसली नाही ती त्याची नऊ वर्षांची मुलगी. ओठ घट्ट मिटून ती समोर पाहत राहिली.

मी तिला जवळ घेऊन विचारले, "का गं, रुसलीस?"

तिने तोंडावर हात धरला. म्हणाली, "आत्याआजी, दात दिसतात."

दात मी पाहिले. दुधाचे पडून नवे आलेले, पण त्यांवर खडूसारखे पांढरे डाग आणि मधूनमधून तपकिरी पट्टे. पोर दोन वेळा दात घासते, गोड फारसे खात नाही. तिच्या वर्गात अशी आणखीही मुले आहेत. गावात कोणाला त्याचे नवल वाटत नाही. "आमच्या पाण्याचा गुण," एवढे म्हणून लोक मोकळे होतात.

आमचे माहेर किनवट तालुक्यात, नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाला. पलीकडे तेलंगणाची हद्द. आम्ही लहान असताना वाड्यातल्या आडाचे पाणी पीत होतो. रहाट ओढून हात दुखत, म्हणून पाणी जपून वापरले जाई. पुढे बोअर झाली, मोटर आली. बटण दाबले की पाणी! मोरीत नळ वाहता राहू लागला, अंगणात पाइप सुटा पडू लागला. भोवताली प्रत्येकाने बोअर पाडली आणि आड आटला. मग बोअरही खोल खोल जाऊ लागली.

माझा थोरला भाऊ माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा. पण त्याला हाक मारली तर तो मान वळवून पाहत नाही; सगळे अंगच वळवतो. आम्ही त्याला 'वय झाले' असे नाव दिले होते. डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "पाणी कुठले पिता?"

तेव्हा मी बाटलीत बोअरचे पाणी भरले आणि तपासायला दिले. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या लिटरभर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. आमच्या बोअरचा आकडा त्या दीडाच्या दुपटीहून जास्त निघाला.

लेकीचा फोन

त्याच हिवाळ्यात कॅनडाहून लेकीचा फोन आला. ती कॅलगरीला असते. म्हणाली, "आई, आमची नगरपालिका पाण्यात पुन्हा फ्लोराइड घालणार आहे. धाकट्याला ते पाणी देऊ ना?"

मला हसावे की रडावे कळेना. इकडे भावाच्या घरी फ्लोराइड काढायचे कसे याची चिंता, आणि तिकडे लेकीच्या गावी पैसे खर्चून ते घालण्याची तयारी! खरे काय मानावे? मी पुस्तके काढून बसले.

या कथेची सुरुवातसुद्धा डागाळलेल्या दातांपासूनच आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला. तेथील कितीतरी लोकांचे दात तपकिरी. त्याने या कोड्याचा तीस वर्षे पिच्छा पुरवला. डाग तर खरे, पण हे दात किडत मात्र कमी, हे त्याच्या ध्यानात आले. १९३१ साली चर्चिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातले फ्लोराइड शोधून काढले आणि कोडे सुटले. मग विचार निघाला : डाग पडणार नाहीत पण कीड टळेल, इतकेच फ्लोराइड घातले तर? २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने ते आपल्या पाण्यात घातले. असे करणारे ते जगातले पहिले शहर.

आपल्याकडे मात्र त्याच्या आधीच, १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात डॉक्टरांना पाठी ताठलेले, सांधे आखडलेले शेतकरी आढळले होते. कारण तेच, विहिरीच्या पाण्यातले फ्लोराइड. एकच पदार्थ, एका देशाला तो औषध म्हणून भेटला, दुसऱ्याला व्याधी म्हणून.

लेकीच्या गावचा वाद तर मोठा मासलेवाईक आहे. कॅलगरीने १९९१ मध्ये फ्लोराइड सुरू केले, २०११ मध्ये बंद केले. पुढे तेथील दुसरीच्या मुलांचे दात तपासले, तेव्हा शंभरांत सुमारे ६५ मुलांच्या दातांना कीड निघाली. फ्लोराइड चालू ठेवलेल्या शेजारच्या एडमंटनमध्ये सुमारे ५५. मग २०२१ मध्ये लोकांचे मत घेतले. बहुमत 'घाला' असे पडले आणि ३० जून २०२५ पासून ते पुन्हा सुरू झाले, लिटरला ०.७ मिलिग्रॅम.

पण त्याच २०२५ साली अमेरिकेतील युटा राज्याने पाण्यात फ्लोराइड घालायला कायद्याने बंदी केली. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने २००३ मध्येच ते सोडून दिले होते. विरोधकांचे म्हणणे असे, की सगळ्यांच्या घशात न विचारता औषध ओतू नये. शिवाय आता टूथपेस्टमध्ये फ्लोराइड मिळते, मग पाण्यात कशाला? पक्षपाती म्हणतात, ज्या पोराला दंतवैद्य परवडत नाही, त्याच्यापर्यंत पोचणारा हाच स्वस्त मार्ग. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एका सरकारी अहवालाने असा निष्कर्ष काढला, की १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेल्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो, ०.७ विषयी मात्र सांगण्याजोगा पुरावा नाही, हेही त्यातच नमूद आहे.

मी लेकीला कळवले, "तुझ्या दंतवैद्याला विचार आणि दे. मात्र टूथपेस्ट वाटाण्याएवढीच घे, आणि ती त्याला गिळू देऊ नकोस." आमटीतल्या मिठासारखेच हे आहे. चिमूट कमी पडली तर वाद घालावा. पण जिथे मूठभर पडले आहे, तिथे वादाला जागाच नाही.

दादाची नवी बोअर

उन्हाळ्याच्या तोंडाला मी परत गेले, तेव्हा दादाने नव्या बोअरसाठी पैसे बाजूला काढले होते.

"पाचशे फूट जाऊ. खालचं पाणी नितळ असतं," तो म्हणाला.

"दादा, नितळ असेल, पण ते खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं. आपल्याकडं खडकातच फ्लोराइड आहे. जितकं खोल, तितकं जास्त येण्याचा संभव."

"मग उकळून पिऊ."

"उकळून वाफ जाते, फ्लोराइड मागंच राहतं. उलट दाट होतं."

वहिनी म्हणाली, "वन्सं, तुरटी फिरवू की."

तुरटीची गोष्ट अगदीच खोटी नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना मोजून घालून, ढवळून, निवळून फ्लोराइड काढण्याची रीत बसवली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण तिथे पाणी तपासून माप ठरवावे लागते. हातात खडा धरून चार वेढे दिल्याने ते होत नाही. आरओ यंत्र फ्लोराइड काढते खरे, पण घरगुती यंत्रात एका लिटरमागे बहुधा दोन-तीन लिटर पाणी बाहेर पडते. जिथे आड आटला, तिथे ही उधळपट्टी!

मग मी पाटीवर हिशेब मांडला. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलीमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी. आमच्या पडवीचा पत्रा पन्नास चौरस मीटर. वर्षाचा पाऊस हजार मिलीमीटर धरा. पन्नास हजार लिटर झाले. पाचवा हिस्सा वाया गेला तरी चाळीस हजार. घरात माणसे सहा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, म्हणजे दिवसाला तीस. कोरडे आठ महिने काढायला सात हजार दोनशे लिटर पुरे. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतेच.

दादा गप्प बसला. सूनबाई मात्र आतून आली. दीड वर्षाचा धाकटा तिच्या कडेवर होता. तिने विचारले, "आत्याबाई, ह्याचे पक्के दात अजून यायचेत ना?"

"यायचेत. पण हिरडीच्या आत ते आत्ताच घडताहेत. आठव्या वर्षापर्यंत जे पाणी पिईल, ते त्यांवर उमटणार."

ती सासऱ्यांकडे वळली. "मामंजी, बोअर राहू द्या. टाकी बांधा."

त्या घरात तिने मोठ्यांसमोर मत मांडलेले मी प्रथमच ऐकले. टाकी झाली.

दोन हंडे

टाकीचे पाणी नुसते साठवून भागत नाही. पहिल्या पावसाचे धुवण सोडून द्यायचे, तोंडाला जाळी लावायची, झाकण घट्ट ठेवायचे, पिताना गाळून उकळायचे. पण खरी शिस्त निराळीच. आमची आजी दोन हंडे ठेवी, एक प्यायच्या पाण्याचा, एक वापरायच्या पाण्याचा. पहिल्याला कोणी खरकटा हात लावला तर तिचा पट्टा सुटे. बोअरच्या पाण्याने अंघोळ, धुणे, भांडी खुशाल करावी. कातडीवाटे त्याचा त्रास होत नाही. पोटात जाणारे तेवढे टाकीचे. वहिनीने पुन्हा दोन हंडे मांडले आहेत.

बोअरचे पाणीही आता जपून चालते. तांदळाचे धुवण तुळशीला, कपडे खळबळल्याचे पाणी फरशीला. एका रात्री टपकणाऱ्या नळाखाली मी बादली ठेवली. सकाळी ती निम्मी भरली होती. ती दादाला दाखवली आणि दुसऱ्याच दिवशी वायसर बदलला गेला.

२०२५चा पाऊस टाकीत साठला. दादाची मान काही परत वळणार नाही. पोरीच्या दातांवरचे डागही घासून जाणार नाहीत; दंतवैद्य पुढे काही करू शकेल, असे तिला सांगितले आहे. पण रोज सकाळी धाकट्या भावाचा पेला टाकीच्या हंड्यातूनच भरायचा, हे काम तिने आपण होऊन घेतले आहे. आईनेसुद्धा चुकून दुसऱ्या हंड्याला हात घातला, तर ती ओरडते, "ते नाही, आई! ते वापराचं!"

ओरडताना तोंडावर हात धरायचे ती विसरते.