दारातली फियाट आणि आपल्या उसाचे पेट्रोल



आपल्या या पत्रात लागण, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांखेरीज दुसरे काही सहसा छापले जात नाही. त्यामुळे जुन्या मोटारीवर लिहितो म्हटल्यावर संपादकांनी चष्म्यावरून पाहिले. परंतु ही मोटार घरच्या घरी दुरुस्त करताना ऊस मला दोनदा आडवा आला, एकदा शेतातला आणि एकदा पेट्रोलमधला. म्हणून हा लेख इथेच शोभेल असे वाटते.

गाडी वडिलांची. १९७१ साली घेतलेली फियाट ११००, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली. ही कंपनी १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी काढली. सोलापूरचे वालचंदशेठ तसे आपल्याच धंद्यातले. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर त्यांनी साखर कारखाना उभा केला, तेच आजचे वालचंदनगर. (ते कळंब निराळे आणि आमचे कळंबे निराळे. पाहुणे चुकतात म्हणून सांगितले.) याच गाडीला पुढे पद्मिनी नाव मिळाले आणि २००० च्या सुमारास ती निघायची बंद झाली.

वडील गेल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात गेली, ती सतरा वर्षे तिथेच. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्याने सांगितलेला आकडा ऐकून आई काही न बोलता आत निघून गेली. त्या दिवशी मी पाने काढले.

उद्यमनगरात लेथवर जन्म घालवलेले एक मेस्त्री आमच्या ओळखीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, "मालक, आधी गाडी थांबवायचं बघा, मग पळवायचं." मी ऐकले नाही. कुणालाही इंजिनाचाच मोह पडतो. प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल ओतले आणि आठवडाभर तसेच ठेवले. मग चौथ्या गियरात टाकून गाडी हळूहळू पुढे-मागे ढकलली, तेव्हा अडकलेल्या रिंगा सुटल्या. १०८९ सीसीचे ते इंजिन तिसऱ्या आठवड्यात बोलू लागले, तेव्हा गल्ली गोळा झाली.

त्याच संध्याकाळी मी गाडी बाहेर काढली. ब्रेकचा पेडल दोनदा बरा लागला. तलावाकडच्या उतारावर तिसऱ्यांदा दाबला तो थेट फळीला टेकला. पुढे उसाची ट्रॉली होती. मी स्टिअरिंग ओढले आणि शेजाऱ्यांच्या तोडीला आलेल्या खोडव्यात चार-पाच सऱ्या आत जाऊन थांबलो. शेजारी बांधावर आले, आधी मला बघितले, मग ऊस बघितला. "लागलं न्हाई न्हवं? मग आता टनेज सांगा," एवढेच म्हणाले. भरपाई दिली, ती रास्तच होती.

या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेक ऑइलची लाइन एकच. कुठेही गळती झाली की चारही चाके मोकळी. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढते आणि सतरा वर्षांत त्या ओलीने व्हील सिलिंडर आतून खडबडीत करून ठेवले होते. त्यावर नवीन रबर बसवले तरी ते पंधरा दिवसांत फाटते. मी चारही सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होज असे सगळे बदलले. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. पेडलवर घरातले समजूतदार माणूस बसवावे, "दाबा" म्हटल्यावर दाबणारे आणि "धरा" म्हटल्यावर धरणारे. आमच्या घरी हे काम सूनबाईंनी केले. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नये, खाली लाकडी ओंडके हवेतच.

रेडिएटरबाबत कारखान्यातल्या माणसांना एक इशारा. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतली खपली आपण कॉस्टिक उकळून काढतो, म्हणून इथेही तेच करू असे माझ्या मनात आले होते. मेस्त्रींनी हात धरला. या इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे, कॉस्टिक ते खाऊन टाकते. रेडिएटर उतरवून झाळणाऱ्याकडेच द्यावा.

आता पेट्रोल. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यांतले एक ठिकाण आपले शेजारचे मिरज. २००३ पासून ५ टक्क्यांचा कार्यक्रम सुरू झाला, २०२२ मध्ये १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्के. वडिलांनी गाडी घेतली तेव्हा यातले काहीच नव्हते. इथेनॉलला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. साखर गोदामात पडून राहते आणि टँकर निघाला की पैसा येतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण १९७१ च्या रबराला ते ठाऊक नाही. जुन्या नळीचा तुकडा मी पेट्रोलच्या बाटलीत टाकून ठेवला, तर पंधरवड्यात तो फुगून मऊ पडला. पंपाचा पडदा, नळ्या, वायसर हे सगळे इथेनॉल सोसणारेच घ्यावे लागतात. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट गाळ सोडवून पुढे पाठवते. पहिल्या महिन्यात मी फिल्टर तीनदा बदलला.

कार्बोरेटरचे दुखणे वेगळेच. एक किलो पेट्रोल जळायला पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊच. नवी गाडी हे ओळखून आपोआप इंधन वाढवते. जुना कार्बोरेटर जेटच्या भोकापुरतेच सोडतो, म्हणून इंजिन उपाशी चालून तापते. प्लग पांढरे पडू लागले तेव्हा मेन जेट एक नंबर मोठा घातला. आता प्लग बिस्किटाच्या रंगाचे निघतात. पेट्रोल मात्र जास्त पिते.

आणखी एक, इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात अर्धी टाकी महिनाभर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात आणि पंप नेमके तेच उचलतो. थोडे भरावे, लवकर संपवावे. गंजलेली टाकी रिकामी आहे म्हणून वेल्डिंगला कधीही देऊ नये, आतली वाफ भडकते.

पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली आहे. पण ती गाडी मग रोजच्या वापराला चालत नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, तिला ते शोभते. आमच्या फियाटला बाजार करायचा असतो, म्हणून साधीच नोंदणी ठेवली आहे.

आईला पहिल्यांदा अंबाबाईला नेले तेव्हा ती वडिलांच्या शेजारच्या तिच्या जुन्या जागेवर न बसता मागे बसली. डायनामोचे काम अजून राहिले आहे, दिवे पिवळे पडतात. तोवर दिवस मावळायच्या आत कळंब्यात परतावे लागते.