पान २१४

सकाळी ५.५०
ठाणे. सीएसएमटी लोकल, बायकांचा डबा, चौथी सीट. मुलगी तेवीस वर्षांची, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. फोर्टातल्या एका फर्ममध्ये आर्टिकल्ड क्लार्क आहे. पांढरा शर्ट, काळी पँट. काळा कोट सनद मिळाल्यावर. मांडीवर भारतीय साक्ष्य अधिनियम. जुलै २०२४ पासून जुना एव्हिडन्स अ‍ॅक्ट गेला, कलमांचे नंबर बदलले आणि सीनियर मुलींकडून अर्ध्या किमतीत घेतलेली पुस्तकं रद्दीत गेली.

७.१५
सकाळचं कॉलेज. दोन तास बसते. बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते. ती वहीच्या मागच्या पानावर खाडे मोजते.

९.३०
ऑफिस. जुनी लिफ्ट, जाळीचा दरवाजा. मुंबईत सॉलिसिटर व्हायचं तर तीन वर्षं अशी उमेदवारी, मग बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा. सोसायटी १८९४ ची. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला एके काळी कागद सॉलिसिटरने करायचे आणि उभं बॅरिस्टरने राहायचं. ती सक्ती सत्तरच्या दशकात संपली. परीक्षा राहिली. स्टायपेंड महिना बारा हजार.

९.४५
टेबलावर एका पिटिशनचे चार सेट. शिकवणारे सॉलिसिटर नाहीत, कोर्ट क्लार्क काका. मालवणचे, याच ऑफिसात केस पिकलेले. नंबरिंग मशीन त्यांच्या हातात खट खट चालतं. हिच्या हातात ते एकदा दोन आकडे पुढे जातं.
“थांबलंस कशाक? खोड, वर पेनाने लिही, सही कर.”
मग दाभण. चारशे पानांतून ते सरळ काढायला मनगट लागतं. इंडेक्स, पानं, एक्झिबिटची अक्षरं, प्रत्येक झेरॉक्सवर ‘ट्रू कॉपी’चा शिक्का. एलएलबीच्या कुठल्याही पेपरात यातलं काही नाही.

११.१०
हायकोर्ट, रजिस्ट्री. खिडकीसमोर रांग, बहुतेक क्लार्कच. मागच्या आठवड्यात लॉज केलेल्या दुसऱ्या मॅटरला ऑब्जेक्शन्स निघालीत. तीन. एका वकालतनाम्यावर वेल्फेअर स्टॅम्प नाही. इंडेक्समध्ये एक तारीख चुकली. आणि पान २१४ अंधुक.
पहिली दोन जागेवर निघतात. तिसरं नाही. ते १९८७ च्या करारनाम्याचं पान, झेरॉक्सची झेरॉक्स. सोबत टाइप केलेली प्रत हवी. काका खिडकीतल्या बाईंना मुलाच्या दहावीबद्दल विचारतात. ऑब्जेक्शन तरी राहतंच, पण उद्या रांग न लावता यायला परवानगी मिळते. हा कायदाही कुठल्या पुस्तकात नाही.

दुपारी १.४०
कोर्टाची सुट्टी. बाकावर डबा, मेथी-पोळी. जिन्यावरून पळताना ती ४६ नंबरच्या कोर्टावरून गेली. १९०८ साली टिळकांना इथेच सहा वर्षांची शिक्षा झाली, बाहेर पाटी आहे. पहिल्या महिन्यात तिने ती थांबून वाचली होती. आता तिथून फक्त दोन नंबरचं कोर्ट जवळ की लांब एवढंच बघते.

३.००
सर्व्हिस. समोरच्या पार्टीच्या वकिलांना प्रत पोचवायची, पोच घ्यायची. नरिमन पॉइंट. टॅक्सीचे पैसे व्हाउचरवर मिळतात, पण महिनाअखेरीला. म्हणून बस. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं. रिसेप्शनवरचा मुलगा शिक्का मारतो, वेळ टाकत नाही. ती वेळ टाकून घेते. ३.५२. काकांनी बजावलेलं असतं.

४.४०
पान २१४. भिंग लावून वाचते, टाइप करते. चतुःसीमेतली उत्तरेकडची ओळ पुसली आहे: कुणाची तरी विहीर, नाव लागत नाही. अंदाजाने लिहायचं नाही, ‘अवाच्य’ लिहायचं. दीड पान, पाऊण तास. आजचं तिचं सगळ्यात बारीक काम हेच, आणि ते कुणी वाचणार नाही अशी माझी खात्री आहे.

६.१५
कौन्सेलच्या चेंबरमध्ये कॉन्फरन्स. फर्मचे पार्टनर बोलतात, कौन्सेल ऐकतात, क्लायंट घड्याळ बघतो. ती मागच्या खुर्चीवर. तासाभरात तिला एकच प्रश्न येतो, “पावती कुठल्या पानावर?”
“एकशे अडुसष्ट, सर.”
लगेच. इंडेक्स न बघता.

रात्री ८.१०
टाइमशीट. सहा मिनिटांचा एक भाग, म्हणजे ०.१. कॉन्फरन्स १.०, तो क्लायंटच्या बिलात जाईल. टाइपिंग ०.८. नंबर, दाभण, रांग, बस यांच्यासमोर ‘नॉन-बिलेबल’. सकाळपासून सेटवर दिलेल्या वेळेला दुसरा रकाना नाही.

९.०५
ठाण्याची गाडी, उभ्याने. उद्याच्या सुनावण्यांचा बोर्ड लागला, सकाळच्या सेटांचं मॅटर २३ नंबरला. पाठोपाठ पार्टनरचा मेसेज: सेटमध्ये पान ६१ नंतर तीन पानं घालायची. म्हणजे पुढचे सगळे आकडे बदलणार, चारही सेटांत. काकांचा मेसेज येतो, आठाक ये. ती वहीचं मागचं पान उघडते आणि उद्याचा खाडा आजच मांडून ठेवते.