डोंगरी बुजुर्ग आणि मात्सुशिता

भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघणारे मँगनीज डायऑक्साइड शुष्क विद्युत्घटांस, म्हणजे रूढ भाषेतील ‘सेल’ला, लागते. कार्बनच्या कांडीभोवती साचू पाहणाऱ्या हायड्रोजनाचे ते ऑक्सिडीकरण करते. एरवी प्रवाह लवकरच मंदावेल. अशा घटांवर चालणाऱ्या सायकलच्या दिव्याने कोनोसुके मात्सुशिता (१८९४–१९८९) यांच्या उद्योगास बळ आले. ओसाका येथील त्यांचा कारखाना १९१८ चा, दिवा १९२३ चा. जुने दिवे तीनेक तासांत विझत. हा ३० तासांहून अधिक जळे.

१९६१ मध्ये अध्यक्षपद जावई मासाहारू यांजकडे गेले. ते मूळचे हिराता. जावयास दत्तक घेऊन कुलनाम द्यावयाचे, ही जपानी रीत. आपल्या घरजावयाचे आडनाव बदलत नाही, हा भेद लक्षणीय होय. १९७७ मध्ये मात्र २६ संचालकांत ज्येष्ठतेने २५ वे असलेले तोशिहिको यामाशिता अध्यक्ष झाले. कुळाबाहेरचे ते पहिलेच.

‘मात्सुशिता’ म्हणजे ‘पाइनतळी’. २००८ मध्ये हे नाव जाऊन कंपनी ‘पॅनासॉनिक’ झाली. वारसाची निवड कुळाबाहेर गेली तेव्हाच त्या नावाचा आधार सुटला होता, असे म्हणता येईल. ‘बुद्रुक’चे मूळ असलेला फारसी ‘बुजुर्ग’ डोंगरीच्या नावात अद्याप आहे.