कापसातून आलेली हाक

सेलूला माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि जोडीला घरची थोडी कोरडवाहू शेती. दुकानात दोन प्रकारची मंडळी हमखास येतात. एक म्हणतात, ‘दादा, रिंगटोन बसवून द्या.’ दुसरी घामाघूम होऊन विचारतात, ‘फोन हरवला जी, आता कुठं शोधू?’ पहिल्यांचं काम म्हणजे हौस आणि दुसऱ्यांचं म्हणजे संकट, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग एकदा माझाच फोन हरवला.

आधी हौसेबद्दल बोलू. रिंगटोन आणि कॉलर ट्यून यांत पुष्कळांची गल्लत होते. कॉलर ट्यून आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकू येते. ती कंपनीकडून येते आणि बहुधा तिचे पैसे कापले जातात. रिंगटोन मात्र आपल्याच फोनमध्ये असते, तिला एक पैसाही पडत नाही. फोनमधल्या रेकॉर्डरवर आवाज मुद्रित करायचा, नको तो भाग कापायचा आणि सेटिंग्जमधल्या ‘साउंड’मध्ये जाऊन रिंगटोन म्हणून ती फाइल निवडायची, एवढंच काम. अँड्रॉइड फोनवर हे पाच मिनिटांत होतं. एखाद्याच नंबरसाठी वेगळी धून हवी असेल, तर संपर्कांच्या यादीत ते नाव उघडून तिथेच ती निवडता येते. आयफोनवर बरीच वर्षं हेच काम आडवळणानं करावं लागे.

धून निवडताना मात्र थोडा विचार करावा. नोव्हेंबर २०१९ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजावी असं ठरवून दिलं. त्यामुळे धुनेच्या सुरुवातीलाच वीस सेकंदांचा आलाप असेल, तर गाणं सुरू होईपर्यंत फोन बंद! दुसरं असं, की मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. ढोलकीच्या डग्ग्याचा घुमारा त्याला पेलत नाही. आपल्या कानाला साधारण दोन ते चार हजार हर्ट्झचे आवाज सर्वांत सहज ऐकू येतात. म्हणून टाळ, घुंगरू, सनई बाजाराच्या गलक्यातही उठून ऐकू येतात. आणि ओळखीच्या माणसाची हाक तर कुठूनही कळते.

मी घरच्या नंबरासाठी अशीच एक हाक ठेवली होती. आमचे बाबा दुपारी अंगणातून ओरडायचे, ‘बाबू, जेवाले ये ना रे! भाकर थंडी होऊन रायली.’ एकदा गंमत म्हणून ते मुद्रित केलं आणि बारा सेकंदांची रिंगटोन केली. पुढं दोन वर्षांनी बाबा गेले. फोटो पुष्कळ होते, आवाज मात्र तेवढाच, आणि तोही त्या एका फोनमध्ये. दिवसभर लोकांना ‘जतन करून ठेवा’ म्हणून सांगणाऱ्या माणसाचा हा कारभार!

डिसेंबरातली गोष्ट. कापूस घेऊन बाजारात गेलो होतो. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीवर चढून कापूस पाहिला, खाली उतरलो, चहा प्यालो आणि खिशात हात घातला तर फोन नाही.

दुसऱ्याच्या फोनवरून गूगलवर माझ्या खात्यात शिरलो. फोन शोधण्याच्या या सोयीचं नाव २०२५ पासून ‘फाइंड हब’ असं आहे. इथं एक गैरसमज दूर करतो. उपग्रह आपला फोन वरून पाहत नाही. फोनच चार किंवा अधिक उपग्रहांचे संदेश ऐकतो, आपण कुठं आहोत याचं गणित करतो आणि ते ठिकाण इंटरनेटवरून कळवतो. म्हणजे लोकेशन चालू हवं, नेट चालू हवं आणि फोनमध्ये गूगल खातं हवं. फोन बंद पडला असेल तर बहुधा शेवटचं ठिकाणच दिसतं. नव्या अँड्रॉइड फोनांना जवळून जाणारे इतर फोनही ब्लूटूथनं हेरून देतात, पण त्यासाठी आसपास फोन भरपूर लागतात. बोर धरणाच्या बाजूला रानात पडला, तर ही मदत फारशी नाही.

खात्यात शिरतानाच अनेकांची गाडी अडते. पासवर्ड आठवत नाही, आणि आठवला तरी खात्रीचा निरोप जातो हरवलेल्याच फोनवर! गूगल दहा राखीव संकेतांक देतं, एकेक आठ आकड्यांचा. ते कागदावर उतरवून घरी ठेवावेत. माझे सुदैवानं पाकिटात होते.

नकाशावर ठिपका दिसला तो बाजाराच्या आवारातच. पण ठिपक्याभोवती वर्तुळ होतं आणि वर्तुळात ट्रॉल्या, बंड्या, छोटे टेम्पो असं सगळं उभं. नकाशा आवारापर्यंत आणतो, पुढं कानच कामाचे. ‘प्ले साउंड’ दाबलं. फोन सायलेंटवर असला तरी यानं पूर्ण आवाजात पाच मिनिटं वाजतो. मी गाड्यांमधून फिरलो, काही ऐकू येईना. कापूस आवाज गिळतो, आणि बारीक आवाज तर आधी. हातात वेळ कमी होता; सौदा झालेल्या गाड्या जिनिंगकडे निघायला लागल्या होत्या. तिथं कापूस रिकामा झाला असता तर फोन यंत्रात जायचा, आणि मोबाइलच्या बॅटरीनं कापसात आग लागायची भीती वेगळीच.

घरी कळवलं, ‘लावत राहा.’ मी एकेका ट्रॉलीला कान लावत होतो. तिसऱ्या की चौथ्या फेरीला एक ट्रॅक्टरवाला उडी मारून खाली आला. ‘दादा, कापसात कोणी तरी जेवाले बलावून रायलं ना जी!’ गूगलच्या घंटीकडे त्यानं लक्षही दिलं नव्हतं. बाजारात कुणाचा ना कुणाचा फोन वाजतच असतो. माणसाच्या हाकेनं तो चमकला. आम्ही दोघांनी हातभर कापूस उपसला.

फोन असा सापडला नाही तर काय? आधी त्याच सोयीतून तो दुरून कुलूपबंद करावा. बँकेला कळवून यूपीआय थांबवावं. सिम बंद करायची घाई मात्र अर्धा तास बाजूला ठेवली तरी चालते, कारण सिम बंद झालं की नेटही जातं आणि नकाशावरचा ठिपका थांबतो. सगळं पुसून टाकायचा पर्याय अगदी शेवटी. त्यानंतर शोधही संपतो. ठिपका अनोळखी घरावर दिसला तर एकट्यानं जाऊन भांडू नये, पोलिसांना सांगावं. आणि ‘तुमचा फोन सापडला, इथं पासवर्ड टाका’ असा निरोप आला तर तो चोराचाच समजावा.

पोलिसांत तक्रार देताना आयएमईआय हा पंधरा आकड्यांचा क्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात. खोक्यावरही छापलेला असतो. तक्रारीची प्रत आणि त्याच नंबराचं नवं सिम घेऊन सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर अर्ज केला, की तो फोन देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या जाळ्यात अडवला जातो, आणि कुणी त्यात सिम घातलं तर माग लागतो. या व्यवस्थेची चाचणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू झाली, आणि मे २०२३ मध्ये ती देशभर गेली. फोन परत मिळेलच असं मात्र नाही.

त्या संध्याकाळी दुकान उघडून मी पहिलं काम केलं ते त्या बारा सेकंदांच्या तीन प्रती काढायचं. एक बहिणीच्या फोनवर, एक गूगलच्या साठवणीत, एक पेनड्राइव्हवर. चौथ्या दिवशी तो ट्रॅक्टरवाला दुकानात आला. त्याला नातीच्या आवाजाची रिंगटोन हवी होती. नात सोबत होती, पण माइकसमोर ती काही केल्या बोलेना.