ऐहोळे : देवळात राहिलेली माणसे

बेळगावकरांना बदामीचे फारसे अप्रूप नसते. शाळेच्या सहलीत एकदा, लग्नानंतर बनशंकरीच्या दर्शनाला जाताना एकदा, पुढे पाहुण्यांना दाखविण्यासाठी एकदा अशी आपली बदामी तीन वेळा होते आणि तेवढ्यावर चालुक्यांचे ऋण फिटले असे आपण धरून चालतो. त्या वाटेवरून थोडे आत असलेले ऐहोळे मात्र बहुतेकांचे राहून जाते. ‘तिथे काय, पडकी देवळे आणि त्यांत शिरलेले गाव’ असे त्याचे वर्णन मी अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले आहे. वर्णन चुकीचे नाही. परंतु देवळे पाहायची आणि गाव टाळायचे असे ज्याने ठरविले, त्याला ऐहोळे समजण्याचा मार्गच बंद होतो, असे माझे मत या सहलीनंतर झाले आहे.

गेल्या हिवाळ्यात आपल्या संस्थेतील वीस-बावीस डॉक्टर मंडळी सहकुटुंब एका रविवारी पहाटे पाच वाजता बसने निघाली. रामदुर्ग मागे पडेपर्यंत बहुतेक जण झोपेत होते. त्या प्रवासाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. बदामी या वेळी मुद्दामच वगळली होती. सकाळी ऐहोळे, दुपारी पट्टदकल आणि परतताना विणकरांचे गुळेदगुड्ड एवढाच बेत. ऐहोळ्यातच जन्मलेला, पन्नाशीचा एक वाटाड्या आधीच ठरविला होता. कन्नड, हिंदी आणि कामापुरते मराठी अशा तिन्ही भाषांत तो एकाच वाक्यात बोलत असे. पहिल्याच देवळासमोर उभा राहून तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, देव कोणता ते नंतर सांगतो. आधी हे घर कुणाचे ते ऐका.”

ऐहोळ्याची किल्ली त्याच्या या वाक्यात होती. येथे सव्वाशेच्या आसपास देवळे आहेत, त्यांतील पुष्कळशी इसवी सनाच्या सहाव्या ते आठव्या शतकांतील. मात्र त्यांतील अनेकांची आजची नावे देवांची नव्हेत. कन्नडमध्ये ‘गुडी’ म्हणजे देऊळ. गौडर गुडी म्हणजे गौडाचे, आपल्याकडच्या पाटलाचे देऊळ. बडिगेर गुडी सुताराचे, अंबिगेर गुडी नावाड्यांचे, हुच्चिमल्ली गुडी वेड्या मल्लीचे. आणि सर्वांत प्रसिद्ध देवळाचे नाव लाडखान! राजे गेले, पूजा बंद पडल्या, मूर्ती भंगल्या किंवा हलल्या; मग ज्यांना डोक्यावर छप्पर हवे होते ते या दगडी मंडपांत राहू लागले. गर्भगृहात चूल पेटली, खांबाला गाय बांधली गेली आणि कालांतराने राहणाऱ्याचेच नाव वास्तूला चिकटले. मल्ली कोण होती, तिला वेडी का म्हणत, हे कोणत्याही शिलालेखात नाही. तरीही पुरातत्त्व खात्याच्या फलकावर आज तिचे नाव आहे आणि देऊळ बांधणाऱ्याचे नाही. हा इतिहासाचा मोठा गमतीदार न्याय म्हणावा लागेल.

प्रसिद्ध ‘दुर्ग’ देवळाविषयीही असाच गैरसमज आहे. मागच्या बाजूने अर्धवर्तुळाकार असलेल्या या देखण्या वास्तूचा दुर्गामातेशी संबंध नाही. जवळच्या तटबंदीवरून, म्हणजे दुर्गावरून ते नाव पडले, आणि मूळचे मंदिर सूर्याचे. लाडखानात मी बराच वेळ रेंगाळलो. त्याच्या छपरावर मोठमोठ्या शिळा उताराने बसविल्या आहेत आणि दोन शिळांमधील फट झाकण्यासाठी वर लाकडी ओंडक्यासारखे लांब दगडी पट्टे घातले आहेत. लाकडात काम करण्याची सवय झालेल्या हातांनी दगड हाती घेतला की असे होते. जुन्या विद्वानांनी हे देऊळ पाचव्या शतकातील मानले होते. आता ते सातव्या-आठव्या शतकाकडे ओढले जाते.

येथे आपल्या व्यवसायातील एका पूर्वसूरीचे स्मरण करणे उचित होईल. १८६६ साली लंडनहून ‘आर्किटेक्चर इन धारवार अँड मैसूर’ हा छायाचित्रांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील छायाचित्रकारांपैकी एक होते डॉ. पिगू, मुंबई वैद्यकीय सेवेतील डॉक्टर. ग्रंथ निघाला तेव्हा ते हयात नव्हते. त्या काळचा अवजड कॅमेरा घेऊन देवळांमागे फिरणारा हा माणूस मला फार जवळचा वाटला. आमच्या बसमधील प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता आणि बहुतेकांनी त्यात स्वतःलाच टिपले, हेही नमूद करतो.

गौडर गुडीच्या पलीकडे घरांची रांग लागते. तेथे ओट्यावर शेंगा सोलीत बसलेल्या एका आजींनी, बसभर डॉक्टर आले आहेत हे वाटाड्याकडून कळताच, नातवाला हाक मारली. नऊ-दहा वर्षांचा चुणचुणीत मुलगा. तक्रार अशी की, हा दात घासत नाही. मास्तर वर्गात उभा करतात. मी त्याला उजेडात उभे करून ओठ वर केला. समोरच्या कायमच्या दातांवर आडवे खडूसारखे पांढरे पट्टे आणि त्यांत तपकिरी डाग होते. कीड नव्हती, हिरड्या निरोगी होत्या. तोवर भोवती जमलेल्या मुलांपैकी आणखी दोघांनी आपण होऊन तोंड उघडून दाखविले. तेच पट्टे.

वैद्यकीय वाचकांना निदान सांगण्याची गरज नाही, इतरांसाठी लिहितो. बागलकोट जिल्ह्याच्या अनेक भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. ते खडकातूनच पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पुढे ते जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. समोरच्या कायमच्या दातांचे कवच हिरडीच्या आत, जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडत असते. त्या काळात मूल जे पाणी पिते त्याची नोंद दातावर कायमची उमटते आणि दात बाहेर येतो तेव्हा ती वाचता येते. पुढे कितीही घासले तरी तो डाग जात नाही. आठव्या वर्षापर्यंत हे कवच बहुतेक घडून झालेले असते. त्यानंतर पाणी बदलले तर त्या मुलाच्या दातांना उपयोग नाही, हाडांना मात्र आहे, आणि धाकट्या भावंडांच्या दातांना तर निश्चितच आहे.

माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये मी आजींना सांगितले, “याचा दोष नाही, पाण्याचा दोष आहे. मास्तरांना चिठ्ठी लिहून देतो.” आजींनी क्षणभर विचार केला आणि समोरच्या देवळाजवळच्या पायऱ्यांच्या जुन्या कुंडाकडे हात केला. त्यांच्या लहानपणी कुंडाचे आणि उथळ आडाचे पाणी पीत. नंतर कूपनलिका आली. त्यांनी स्वतःचे दात दाखविले. होते तेवढे पांढरेशुभ्र होते! खोल कूपनलिकेतील पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहते, म्हणून त्यात फ्लोराइड अधिक असण्याचा संभव मोठा. पावसाचे साठविलेले पाणी त्या मानाने निर्धोक. अर्थात उघड्या कुंडातील पाण्याने पटकी आणि नारूसारखे रोग पूर्वी दिले, ते विसरून जुन्या काळाचे गोडवे गाणे डॉक्टरला शोभणार नाही. तरी पावसाचा थेंब अडविण्यासाठी बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या पायऱ्यांकडे त्यानंतर मी केवळ शिल्प म्हणून पाहू शकलो नाही.

आजींचे दुसरे गाऱ्हाणे घराचे होते. संरक्षित स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येते. एकटे स्मारक माळावर उभे असेल तर ठीक. पण ज्या गावात गल्लीगल्लीत स्मारक आहे, तेथे ही वर्तुळे एकमेकांत मिसळून सारे गावच झाकून टाकतात. मुलगा वेगळा झाला तर खोली वाढविता येत नाही, सुनेसाठी न्हाणीघर बांधता येत नाही. गाव उठवून अन्यत्र वसविण्याचा विषय कित्येक वर्षे चर्चेत आहे. पुरातत्त्वज्ञांची बाजूही मला कळते. चुलीच्या धुराने काजळलेले छत आणि गुरांनी घासलेले खांब त्यांनी साफ केले नसते तर आज पाहायला आम्ही कशाला गेलो असतो? मात्र एक गोष्ट त्यांच्या हिशेबात धरली जात नाही असे वाटते. मधल्या शतकांत ही देवळे ओस पडली असती तर त्यांचे दगड केव्हाच वाहून नेले गेले असते. माणसे राहत होती, म्हणूनही ती टिकली. पुनर्वसन व्हायचेच असेल तर ते आधी पाणी, मग शाळा, मग घर अशा क्रमाने व्हावे. आजींना विचारले, जाल का? त्या म्हणाल्या, “पाणी गोड असेल तर जाऊ.”

यानंतर मेगुती टेकडीच्या पायऱ्या. हाश्शहुश्श करीत आमचे हृदयरोगतज्ज्ञ सर्वांत शेवटी पोहोचले, ही बाब त्यांच्या रुग्णांना कळू नये. वरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या पुलकेशीचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे; शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४-३५. रविकीर्ती या जैन कवीने तो संस्कृतात रचला आणि शेवटी स्वतःची कीर्ती कालिदास व भारवी यांच्या तोडीची असल्याचेही नोंदवून ठेवले. संकोच हा त्या काळी कवीचा गुण नसावा! हर्षवर्धनाच्या पराभवाचे वर्णन याच लेखात आहे. मराठी वाचकाने थांबावे अशी जागा मात्र वेगळी आहे. नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चे स्वामित्व पुलकेशीला मिळाले, असे हा लेख सांगतो. महाराष्ट्र या नावाच्या जुन्या कोरीव उल्लेखांपैकी हा एक. आणि तो कोरला गेला कन्नड मुलखात, कर्नाटकातील राजाच्या प्रशस्तीत, संस्कृत भाषेत, जैन मंदिराच्या भिंतीवर. सीमाभागात हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांनी तो प्रत्यक्ष उभे राहून एकदा पाहावा. आमच्या बसमध्ये या विषयावर दोन तट पडले होते. टेकडीवरच्या वाऱ्यात ते काही काळ तरी शांत झाले.

पट्टदकलविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९८७ पासून हा समूह जागतिक वारसा यादीत आहे. दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीवर मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात विरूपाक्ष मंदिर उभारले. वेरूळच्या कैलासाशी त्याचे साम्य नजरेत भरते. मला आवडले ते हे की, येथे स्थपतीचे नाव आहे. गुंड नावाच्या सूत्रधाराला ‘त्रिभुवनाचारी’ ही पदवी दिल्याचा लेख पूर्वेच्या द्वारी कोरला आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मलप्रभेचे पाणी या मंदिरांच्या आवारात शिरले होते. जेवण नदीकाठच्या एका घरी झाले: ज्वारीची कडक भाकरी, एण्णेगायी, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, दही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही चटणी दोनदा मागून घेतली.

गुळेदगुड्डचे नाव आपल्या घरोघरच्या कपाटात आहे. ओटी भरण्याचा तो काठाचा, अरुंद पन्ह्याचा चोळीचा खण येथला. ज्या घरी आम्ही गेलो तेथे जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर हातमाग चालवीत होता. खणावर रथ, हत्तीचे पाऊल अशी चिन्हे उमटत होती. मागापासून चार हातांवर लुगड्याच्या झोळीत सहा महिन्यांचे बाळ त्या खडखडाटात गाढ झोपले होते. माग थांबला तसे ते जागे होऊन रडू लागले. विणकराने हसून पुन्हा पाय चालविला आणि बाळ झोपले. नवजात अर्भकाच्या खोलीत किती शांतता असावी यावर मी इतकी वर्षे व्याख्याने देत आलो आहे. त्यांत हे उदाहरण बसत नाही. त्याची दोन मोठी मुले मात्र मागावर बसत नाहीत. एक बंगळुरूला, एक पुण्यात. आमच्या मंडळींतील महिलांनी तेथील खणांचा साठा बराच हलका केला, आणि भावात घासाघीस न करण्याचा त्यांचा निर्णय मला विशेष वाटला.

परतीच्या वाटेवर एक ठराव झाला. येत्या हिवाळ्यात ऐहोळ्याच्या शाळेत मुलांच्या दातांची व हाडांची तपासणी करावयाची आहे. शाळेशी बोलणी सुरू केली आहेत. दंतवैद्य, अस्थिरोगतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा चालविणारे सभासद यांची विशेष गरज आहे. इच्छुकांनी कार्यवाहांकडे नावे द्यावीत. तेथील संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून दिवस रविवारच धरला आहे. पाण्याचे नमुने घेण्यासाठी येताना प्रत्येकाने दोन स्वच्छ बाटल्या आणाव्यात. प्लास्टिकच्या, काचेच्या नकोत.